वंशावळीबाहेरची माणसे : कादंबरी आणि घराण्याचे द्रव्य

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. मूळ पुरुष, त्याचे गाव, गोत्र, कुलदैवत, मग पिढ्यापिढ्यांच्या नोंदी आणि सोबत घडी घातलेला मोठा तक्ता, अशी या ग्रंथांची मांडणी बहुधा ठरलेली असते. तक्त्यातील रेघ पुत्राकडून पुत्राकडे उतरते. मुलीचे नाव आलेच तर सासरच्या आडनावासह येते आणि तिथेच संपते. निपुत्रिक चुलता, संसार मोडून माहेरी परतलेली आत्या, आश्रयाला राहिलेली दूरच्या नात्यातील विधवा यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. घराण्याच्या पूर्वेतिहासाचा आधार घेणारा कादंबरीकारही हीच सामग्री हाताळतो. पण थोर मानल्या गेलेल्या कौटुंबिक कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतील बळ तक्त्यातील मुख्य रेघेपेक्षा रेघ जिथे तुटते तिथल्या माणसांत अधिक साठलेले दिसते. या निरीक्षणाचा पाठपुरावा करण्याआधी, अशा कादंबऱ्या वाचण्याची जी रीत रूढ झाली आहे तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

ती रीत म्हणजे ‘कोण म्हणजे कोण’ हे शोधण्याची. पात्राचे मूळ असलेली व्यक्ती सापडली की अर्थ सापडला, असे ती गृहीत धरते. मराठीत आत्मपर कादंबरीच्या चर्चेने या शोधात बरीच शक्ती खर्च केली आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे आडनाव लेखकाच्या सांगवी या गावावरून आले, ही माहिती खरी आहे आणि निरर्थकही नाही; पण ती सांगून झाल्यावर समीक्षा संपत असेल, तर तिने टपालखात्याचे काम केले एवढेच म्हणता येईल. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’बाबत तर श्याम आणि लेखक यांच्यातील अंतर वाचकांनी मुळी शिल्लकच ठेवले नाही. चरित्रात्मक समीक्षेचा दोष ती चरित्राकडे जाते यात नाही. चरित्रापर्यंत जाऊन ती परत येत नाही, यात आहे. चरित्र आणि कादंबरी यांतील साम्यापेक्षा भेद बोलका असतो. घराण्यातील कोणाला लेखकाने वगळले, कोणाला नव्याने जन्माला घातले, कोणाचा मृत्यू अलीकडे ओढला, हे प्रश्न ‘कोण म्हणजे कोण’ या प्रश्नापेक्षा फलदायी ठरतात.

टोमास मान यांची ‘बुडेनब्रोक्स’ (१९०१) हे याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण. ल्यूबेक शहरातील धान्यव्यापारी घराण्याची ही चार पिढ्यांची कथा मान यांनी पंचविशीत लिहून पूर्ण केली. तिच्यासाठी त्यांनी घरातील जुने कागदपत्र पाहिले, आईकडून व नातलगांकडून माहिती मागवली. धाकटी बहीण यूलिया हिने आत्या एलिझाबेथविषयी एक लांबलचक पत्र लिहून पाठवले, आणि त्यातून टोनी बुडेनब्रोक उभी राहिली. कादंबरी प्रसिद्ध होताच ल्यूबेकमध्ये पात्रे व मूळ व्यक्ती यांच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. क्रिस्टियान या पात्रात स्वतःला ओळखणारे चुलते फ्रीडरिश मान यांनी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात निवेदन देऊन, आपलेच घरटे घाण करणाऱ्या पक्ष्याशी पुतण्याची तुलना केली. त्याआधीच, १९०६ मध्ये, मान यांनी ‘बिल्झे आणि मी’ या निबंधात आपली बाजू मांडली होती. वास्तवातून उचललेल्या द्रव्यात लेखक आपला प्राण फुंकतो आणि त्यानंतर ते द्रव्य मूळ व्यक्तीचे राहत नाही, असा त्या प्रतिपादनाचा रोख होता. युक्तिवाद डौलदार आहे. चुलत्यांचे त्याने समाधान झाले नसावे.

परंतु यादी करणाऱ्यांच्या नजरेतून जे निसटले ते अधिक महत्त्वाचे आहे. टोमास मान पाच भावंडांपैकी दुसरे. थोरले हाइन्रिश स्वतः नावाजलेले कादंबरीकार झाले. कादंबरीत मात्र सिनेटर टोमास बुडेनब्रोक यांना एकच मूल आहे : संगीतवेडा, नाजूक प्रकृतीचा हान्नो. तो पंधरा-सोळाव्या वर्षी विषमज्वराने मरतो आणि घराणे संपते. वास्तवात सिनेटर असलेले वडील १८९१ मध्ये वारले, पेढी मोडीत काढली गेली. पण वंश चालू राहिला, इतकेच नव्हे तर त्याचे नाव पेढीमुळे कधीही झाले नसते इतके मोठे झाले. म्हणजे लेखकाने आपली चार भावंडे वंशवृक्षावरून छाटली आणि उरलेल्या एका फांदीवर स्वतःला बसवून तीही तोडली. कालगणनाही त्याने मागे सरकवली. कादंबरीतील सिनेटरचा मृत्यू १८७५ मध्ये होतो, आणि हेच टोमास मान यांचे जन्मवर्ष आहे. ज्या वर्षी लेखक जन्मला त्या वर्षी त्याचा काल्पनिक पिता मरतो, हा योगायोग असो वा नसो, घराणे संपल्यावाचून लेखक सुरू होत नाही अशी एक मांडणी त्यातून सिद्ध होते.

कादंबरीत कुलवृत्तांताची वही हीच एक वस्तू म्हणून वावरते. लहानगा हान्नो त्या वहीतील वंशावळीत आपल्या नावाखाली पट्टी धरून दुहेरी रेघ ओढतो. वडील जाब विचारतात तेव्हा, यापुढे आणखी काही येणार नाही असे आपल्याला वाटले, एवढेच सांगतो. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने कमी लक्ष गेले ते याच वहीशी असलेल्या टोनीच्या नात्याकडे. ग्रूनलिशशी ठरलेल्या लग्नाची नोंद ती स्वतःच्या हाताने या वहीत करते. मनाविरुद्धचे ते लग्न तिला मान्य होते ते या वहीमुळेच, कारण वहीत आपलेही नाव इतिहास म्हणून उमटावे ही ओढ तिला आवरत नाही. तिची दोन्ही लग्ने मोडतात. पुढे भाऊ मरतो, भाचा मरतो, पेढी बंद होते, वाडा विकला जातो. आणि अखेरच्या प्रकरणात काळ्या वस्त्रांतील काही स्त्रियाच उरतात. त्यांना टोनी आठवड्यातून एकदा आपल्याकडे जेवायला बोलावते, म्हणजे जुने घरगुती कागद मिळून वाचता येतील. पुरुषांच्या वंशावळीचे जतन करणारी, तिच्यावर सर्वाधिक श्रद्धा असणारी व्यक्ती त्या वंशावळीच्या दृष्टीने निष्फळ शाखा आहे. टोनीवाचून ‘बुडेनब्रोक्स’ ही एका पेढीच्या दिवाळखोरीची हकिकत झाली असती. शिवाय हेही विसरता येत नाही की आत्येची ही कथा लेखकाला कागदपत्रांतून मिळाली नव्हती. ती बहिणीने सांगितली म्हणून मिळाली.

व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) वेगळ्या भूमीवर उभी आहे. इथे पूर्वजांचे दप्तर नाही. गिरमिटिया म्हणून समुद्रापार गेलेल्यांच्या वंशजांना दोन-तीन पिढ्यांमागचे गावही धूसर झालेले असते. मोहन बिस्वासकडे जन्माचा दाखलासुद्धा नाही. शाळेत नाव घालण्याची वेळ आली तेव्हा वकिलाकडे जाऊन तो करवून घ्यावा लागतो. पंडिताने वर्तवलेले अशुभ भविष्य आणि वकिलाने बनवलेला कागद, एवढाच या नायकाचा पूर्वेतिहास. त्यामुळे ल्यूबेकच्या सोनेरी कडांच्या वहीची जागा इथे घराने घेतली आहे. नायपॉल यांच्या आजोळच्या, चागुआनास येथील ‘लायन हाउस’चे कादंबरीत ‘हनुमान हाउस’ झाले, कपिलदेव घराण्याचे तुळशी घराणे झाले, ‘ट्रिनिडाड गार्डियन’चे ‘सेंटिनेल’ झाले. वडील सीपरसाद यांनी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अखेर घेतलेले नेपाळ स्ट्रीटवरील घर सिक्किम स्ट्रीटवर गेले. एवढ्या जवळच्या नावाने पत्ता बदलणारा लेखक तो लपवतो आहे, असे म्हणता येत नाही.

इथेही छाटणी आहे. सीपरसाद यांना सात मुले होती. बिस्वासला चार आहेत. धाकटा भाऊ शिवा याला कादंबरीत स्थान नाही. याच शिवा नायपॉल यांनी पुढे १९७० मध्ये ‘फायरफ्लाइज’ ही आपली पहिली कादंबरी त्याच प्रकारच्या हिंदू एकत्र कुटुंबावर लिहिली, आणि तिच्या केंद्रस्थानी एक स्त्री ठेवली. २०१८ मध्ये बहीण सावी नायपॉल अकाल यांनी नेपाळ स्ट्रीटवरील नायपॉल कुटुंबाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. एकाच घराचे असे तीन दरवाजे उघडलेले साहित्यात क्वचित सापडतात, आणि तौलनिक अभ्यासाने या त्रयीकडे आजवर द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. पुत्राने पित्याला नायक केले. त्या नायकत्वाची किंमत शमा या पत्नीच्या चित्रणात चुकती झाली आहे. ती पहिल्या अर्ध्या भागात जवळजवळ तुळशींची हस्तक म्हणूनच वावरते. बिस्वासच्या बंडाला प्रतिपक्ष हवा होता, तो तिच्या माहेराने पुरवला. पूर्वार्धात तिच्यावर झालेला अन्याय कादंबरी पुढे हळूहळू दुरुस्त करते. पण तो अन्याय आहे, हे नोंदवले पाहिजे.

यापेक्षाही विचारात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या कादंबरीत जे नाही ते. १९३३ मध्ये गुरांच्या रोगावर उपाय म्हणून शेतकरी देत असलेल्या कालीच्या बळीची सीपरसाद यांनी वृत्तपत्रातून टर उडवली होती. त्यांना मृत्यूची धमकी देणारे निनावी पत्र आले, आणि अखेर त्यांना स्वतःच बोकडाचा बळी द्यावा लागला. सुधारकी बाण्याच्या माणसाची ही जाहीर मानहानी होती. त्यानंतर त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. ही घटना पुत्राला वडिलांच्या मृत्यूनंतर आणि कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळली. ती त्यांनी १९८४ मध्ये ‘फाइंडिंग द सेंटर’मधील आत्मपर लेखात सांगितली. कादंबरीतही बिस्वासचे मन खचते, पण ते ग्रीन व्हेलच्या अर्धवट बांधलेल्या घरात, वादळी रात्री, आणि तो पत्रकार होण्यापूर्वी. वास्तवात पत्रकारिता हे खचण्याचे कारण होते. कादंबरीत ती खचल्यानंतरची सुटका आहे. कारण ठाऊक नसलेल्या लेखकाला परिणाम मात्र ठाऊक होता, आणि त्या परिणामाला त्याने स्वतःचे कारण शोधले : छप्पर नसणे. कादंबरीचे मध्यवर्ती रूपक असे घराने पाळलेल्या मौनाच्या जागी उगवलेले आहे. कुटुंब लेखकाला आठवणी देते तसे आपले मौनही देते. त्या मौनाचा आकार कळण्यासाठी चरित्र लागते. चरित्रात्मक समीक्षेचे खरे काम इथे सुरू होते.

बंगालीकडे वळल्यावर छाटणीबरोबर भर घालण्याचाही प्रकार दिसतो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’तील (१९२९) हरिहर हा त्यांच्या वडिलांवर, कथक आणि पुरोहित असलेल्या महानंदांवर बेतलेला आहे. विभूतिभूषण पाच भावंडांत थोरले. अपू मात्र दोन भावंडांत धाकटा. त्याला दुर्गा ही थोरली बहीण दिली आहे. भागलपूरला असताना केस विस्कटलेली एक मुलगी लेखकाने पाहिली आणि लिहून झालेल्या मजकुरात दुर्गेसाठी पुन्हा जागा केली, असे सांगितले जाते. या आख्यायिकेचा तपशील कसाही असो, थोरल्या मुलाला धाकटा करणे ही रचनेची गरज होती हे उघड आहे. अपूला जग दाखवणारे कोणी हवे होते आणि ते नाहीसे व्हायला हवे होते. दुर्गा तापाने मरते. तिच्या मृत्यूने अपू एकुलता होतो आणि गाव सुटते. हान्नोच्या बाबतीत लेखकाने स्वतःला मारून कथा संपवली. इथे नसलेल्या बहिणीला जन्म देऊन, तिच्या मरणाने नायकाचा रस्ता उघडला.

आणि त्या कादंबरीचा आरंभ कोणापासून होतो? इंदिर ठाकरूनपासून. हरिहरची ही दूरच्या नात्यातील म्हातारी बहीण. तिचा नवरा कुलीन ब्राह्मण, म्हणजे अनेक बायकांचा धनी; कधीतरी येणारा आणि अखेर न येणारा. बंगालमधील कुलीनप्रथा वंशावळींवरच उभी होती. घटक नावाचे व्यावसायिक वंशशास्त्री त्या कुलपंजी सांभाळत आणि त्यांच्या आधारे विवाह ठरत. या पहिल्या भागाचे ‘बल्लाली बालाई’ हे शीर्षक ज्या बल्लाळसेनाकडे या प्रथेचे जनकत्व दिले जाते त्याच्याकडे अंगुलिनिर्देश करते. वंशावळीने जिचे आयुष्य फस्त केले तिच्यापासून कौटुंबिक कादंबरी सुरू होते, आणि फुटक्या भांड्यांचे गाठोडे घेऊन ती घराच्या दारातून हाकलली जाते तेव्हा हाकलणारी सर्वजयाही तितकीच दरिद्री आहे, हे लेखक विसरू देत नाही. सत्यजित राय यांच्या चित्रपटामुळे (१९५५) इंदिर ठाकरूनचा चेहरा जगाला परिचित झाला; तिच्यामागची कुलपंजी मात्र कादंबरीतच वाचावी लागते.

कुर्रतुलैन हैदर यांनी ‘कार-ए-जहाँ दराज़ है’मध्ये याच्या नेमकी उलट वाट धरली. नावे खरी, गावे खरी, नहटौरच्या सय्यद घराण्याचा शजरा, पत्रे, दस्तऐवज, आणि तरीही लेखिकेच्या मते ही कादंबरीच, चरित्रात्मक कादंबरी. इथे छाटणीला जवळजवळ नकार आहे. म्हणून ग्रंथ फुगतो, माणसांची गर्दी होते, आणि अनेक ठिकाणी वाचकाला पाहुण्यासारखे अवघडल्यागत होते. ‘आग का दरिया’त (१९५९) त्यांनीच गौतम, चंपा, कमाल ही नावे शतकाशतकांतून फिरवून रक्ताच्या नात्याविना वंश निर्माण केला होता, तो प्रयोग कलाकृती म्हणून अधिक बांधेसूद आहे, असे म्हणणे भाग आहे. नंतरच्या ग्रंथाचे मोल दस्तऐवजाच्या अंगाने आहे. लेखिका असलेली आई नज़र सज्जाद हैदर तिथे वडील सज्जाद हैदर ‘यलदरम’ यांच्या बरोबरीने येते; पारंपरिक शजऱ्यात ती तशी आली नसती.

वंशावळीला सर्वांत मूलगामी पर्याय उभा केला तो आशापूर्णा देवींनी. ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४), ‘सुवर्णलता’ आणि ‘बकुलकथा’ ही त्रयी आई, मुलगी आणि नात यांची आहे. हा क्रम कोणत्याही कुलवृत्तांताच्या तक्त्यात काढता येत नाही. दर पिढीला आडनाव बदलते, घर बदलते, तीन वेगवेगळ्या ग्रंथांत तीन अपुऱ्या नोंदी शिल्लक राहतात. म्हणूनच पहिल्या कादंबरीच्या प्रारंभीच, सत्यवतीची ही गोष्ट बकुलच्या वहीतून घेतलेली आहे, असे सांगितले जाते. ल्यूबेकची वही पुत्रांसाठी ठेवलेली होती आणि आत्येने तिच्यात आपले नाव घातले. इथे नातीनेच वही सुरू केली आहे. मुलींच्या शिक्षणाला विरोध असलेल्या घरात भावांचा अभ्यास ऐकत अक्षरे शिकलेल्या लेखिकेचे वैयक्तिक जीवन या रचनेत आहे. पण ते प्रसंगांपेक्षा वारशाच्या दिशेत आहे. सत्यवतीत आशापूर्णा देवी शोधणाऱ्याला फारसे काही सापडणार नाही.

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत एक गृहीत लपलेले आहे : मोडायला का होईना, वंशावळ असणे. ती ज्यांना नाकारली गेली त्यांच्याकडे हा सिद्धान्त घेऊन गेले की तो अडखळतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेत वडिलांचे नाव कोणते लावायचे, हाच पेच आहे. बिस्वासचा दाखला वकिलाकडे पैसे देऊन बनवता येतो आणि प्रसंग विनोदी होतो. इथे नाव कागदावर चढवणे म्हणजे गावातील सवर्ण पुरुषावर आरोप ठेवणे ठरते, आणि विनोदाला जागाच उरत नाही. शाळेचा उंबरठा तोच, कोरा रकाना तोच. पण एकाच्या मागे कागद हरवलेला आहे, दुसऱ्याच्या मागे कागद करणाऱ्यांनीच तोंड फिरवले आहे. अशा लेखकाला पात्रांची नावे बदलून कादंबरी लिहिणे म्हणजे मिळालेले नाव पुन्हा गमावणे वाटू शकते. मराठी दलित लेखकांनी घराण्याचे द्रव्य कादंबरीऐवजी आत्मकथनात का ओतले, याचे एक उत्तर इथे असावे. अनुभवाची तीव्रता, प्रामाणिकपणा इत्यादी नेहमीची उत्तरे तोकडी पडतात. मात्र आत्मकथनातही रूपांतर टळत नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार या दोघांच्या भेटीने सुरू होते. स्वतःचीच दोन नावे समोरासमोर बसवून लेखक आपल्या आणि कथेतील आपल्यामध्ये अंतर पाडतो. कादंबरीकार जे पात्राचे नाव बदलून साधतो तेच इथे दोन्ही नावे कायम ठेवून साधले आहे.

नाव ठेवावे की बदलावे, हा प्रश्न तंत्राचा वाटला तरी त्याची झळ लेखकाबाहेरच्या माणसांना लागते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ हे कोण, यावरून मराठीत जे वादळ उठले त्यात पात्रांऐवजी लेखिकेची ओळख पटवण्याची घाई होती. सुशिक्षित अविवाहित स्त्रियांचे मन लिहिणारीने आपले नाव झाकले, कारण ते नाव सांगताच तिच्या भोवतालच्या इतर स्त्रियाही ओळखू आल्या असत्या. फ्रीडरिश मान यांना निदान वर्तमानपत्रात निवेदन देता आले. एलिझाबेथ आत्या १९१७ पर्यंत हयात होती. आपली दोन मोडलेली लग्ने जगभर वाचली जाताना तिने पाहिली. तिच्या आयुष्याची कथा लेखकाला पुरवणारी भाची, टोमासची बहीण यूलिया, हीसुद्धा पुढे त्यांच्याच ‘डॉक्टर फाउस्टुस’मध्ये (१९४७) इनेस या पात्राच्या रूपाने आली, तोवर तिने आत्महत्या करून वीस वर्षे होत आली होती.